आबांची साखर

१९३८ साल, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस. मी परसात काचेची नळी धूत होते. नळीत निळं औषध घालायचं, त्यात ह्यांच्या लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर ठीक. विटेसारखं लाल झालं तर साखर उतरलेली. ह्यांच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा कापावा लागेल, असं जळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्या आठवड्यात रंग हिरव्यावर आला होता, जखमेच्या कडा सुकू लागल्या होत्या.

डॉक्टर शहाणे होते. "घरातली सगळी माणसं घेऊन या," म्हणाले. म्हणून अमळनेरहून आमची वरात गेली: मोठे दीर, म्हणजे भाऊ, आणि शिंदखेड्याहून माहेरपणाला आलेल्या थोरल्या नणंद, अक्का. डॉक्टरांनी नळी तापवून दाखवली, गोड बंद, मेथीसारखी पालेभाजी भरपूर, असं समजावलं. दोघांनी माना डोलावल्या. भाऊंनी एकच प्रश्न विचारला, "आंबा चालेल ना? ते तर फळ आहे." आगगाडीत अक्का म्हणाल्या, "डॉक्टर पोरगेला दिसतो." शिकवणी संपली.

आखाजीला आमच्याकडे वारलेल्या सासऱ्यांच्या, आबांच्या, नावाने एका माणसाला पितर म्हणून जेवू घालतात. तो जेवला की आबा जेवले. नेहमीचा पितर लग्नाच्या वऱ्हाडात निघून गेला होता. मी चुलीपुढे खापरावर पुरणपोळ्या टाकत होते. बाहेर काय शिजतंय ते मला कळलं नाही. आमरसाचं पातेलं रिकामं होऊन आत आलं तेव्हा मी उठून पाहिलं. पितराच्या पाटावर हेच बसलेले.

"अक्का, हे काय?"

"पितर जेवतोय. मध्ये बोलू नये."

"त्यांना साखरेचा आजार आहे!"

"त्याला आहे, आबांना नव्हता," भाऊ म्हणाले. एवढी अक्कल त्यांनी शेतीत कधी दाखवली नाही.

अक्कांनी ताटात आणखी एक पोळी टाकली. "जेव, जेव. हाई बठ्ठं आबासनं शे. तुन्हा पोटमा काय जास?" म्हणजे सगळं आबांचं, ह्यांच्या पोटात काही जातच नाही.

आणि हे! घरात माझ्यापुढे पाय धरून कण्हणारा माणूस, पाटावर बसताच स्वतःचा बाप झाला. माझ्याकडे न बघता तूप मागून घेतलं. संध्याकाळी उरलेल्या पोळ्याही आबांनीच संपवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा ओसरीवर मांडला आणि तिघांना समोर बसवलं. ह्यांचे थेंब टाकलेली नळी तापली, हिरवी झाली, पिवळी झाली, मग विटेसारखी लाल.

"अक्का, आबांची साखर फार वाढली," मी म्हटलं. "अंगठा मात्र ह्यांचाच कापणार आहेत."

"औषध शिळं असेल," भाऊ म्हणाले.

"मग तुमची लघवी आणा." बराच वेळ कुरकुरले, पण आणली. तापवली. निळी ती निळीच राहिली. ह्यांनी पाय धोतराखाली ओढून घेतला.

उरलेलं पुरण मी म्हशीपुढे ओतलं, मेथीची जुडी निवडायला अक्कांच्या मांडीवर ठेवली, आणि नळी धुवायला भाऊंच्या हातात दिली.