हलणारी पुली

जळगाव रोडला माझं छोटं गॅरेज आहे. एका शनिवारी सकाळी फुलंब्रीकडचे एक शिक्षक त्यांची जुनी जीप घेऊन आले. बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज येत होता. त्यांना शाळेची वेळ गाठायची होती.

"मिस्त्री, किती वेळ लागंल?"

"दहा मिनिटं, सर."

इंजिन फिरलं की त्याच्या तोंडाशी असलेली पुली फिरते. तिच्यावरचा पट्टा वॉटर पंपाची पुली फिरवतो आणि पंप इंजिनातलं तापलेलं पाणी रेडिएटरकडे ढकलतो. पाणी निवून परत येतं. पंपाची पुली थांबली तर पाणी जागच्या जागी उकळतं. एवढं साधं काम, पण गाडीचा जीव त्यात असतो.

मी इंजिन बंद करून पट्टा सैल केला आणि पंपाची पुली दोन्ही हातांनी धरून हलवली. ती हलली. अगदी केसाएवढी, पण हलली. म्हणजे आतलं बेअरिंग झिजत आलं होतं आणि पंप बदलायला हवा होता. पंप आणायला शहरात जावं लागलं असतं. दुसरी गाडी दारात उभी होती. मी पट्टा ताणून घट्ट केला. आवाज गेला. घट्ट पट्ट्यानं झिजलेल्या बेअरिंगवर आणखी जोर येतो, हे मला माहीत होतं.

"आता काही धोका नाही ना?"

"बिनधास्त जा, सर."

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी त्यांच्या वडिलांच्या छातीत कळ आली. वडिलांना मागच्या सीटवर झोपवून, आईला शेजारी बसवून ते शहराकडे निघाले. चौक्याच्या घाटात तापमानाचा काटा वर चढला, वाफ आली, पट्टा सुटला. भर उन्हात ते रस्त्यावर हात करत उभे राहिले. शेवटी दुधाचा एक टेम्पो थांबला. अर्धा तास गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात वडील गेले.

हे मला त्यांनी फोनवर सांगितलं. "जीप ओढून तुमच्याकडं पाठवली आहे. बघून ठेवा," एवढंच पुढं म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना काही माहीतच नव्हतं.

पंप खोलला. पुली एका बाजूला कलली होती आणि बेअरिंगचा चुरा झाला होता. गप्प राहिलो असतो तर कुणालाच कळलं नसतं.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी त्यांच्या गावी गेलो. बुद्धवंदना झाली, लोक जेवायला बसले. मी सरांना मांडवाबाहेर बोलावलं.

"सर, पुली हलत होती. त्या शनिवारीच मला कळलं होतं."

त्यांना आधी समजलं नाही. मी हातानं दाखवलं, कशी हलत होती ते.

"मग बोलला का नाहीत?"

"घाईत होतो."

ते म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. खरं काय, कुणाला माहीत. पण आई घाटात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, ऊन लागू नये म्हणून पदर धरून. ते मी विसरणार नाही."

मी निघालो तेव्हा त्यांची आई दारात उभी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "लांबून आलास बाबा, दोन घास खाऊन जा," ती म्हणाली. मी बसलो. ताटातला सगळा भात संपवला.

नवा पंप बसवून मी जीप त्यांच्या दारात नेऊन लावली. सरांनी किल्ली घेतली, पाणी विचारलं. त्यानंतर ते माझ्याकडं कधी आले नाहीत, आणि यावं अशी अपेक्षा मी तरी कोणत्या तोंडानं करू?

आता गाडी आली की मी इंजिन बंद करून पट्टा सैल करतो, मालकाला बॉनेटजवळ बोलावतो, त्याचा हात पुलीवर ठेवतो आणि म्हणतो, "हलवून बघा." काही जण वैतागतात. परवा वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला निघालेला एक जण म्हणाला, "तुम्हीच बघा ना मिस्त्री, मला उशीर होतोय." मी त्याला थांबवलं. त्याची पुली घट्ट होती. त्यानं रुमालाला हात पुसला आणि कुरकुरत निघून गेला.