धर रे टोक!

टेपकाकांचं खरं आडनाव मला दोन वर्षांनी कळलं. कोटाच्या खिशात पोलादी टेप घेऊन हिंडणाऱ्या माणसाला दुसऱ्या नावाची गरजच पडत नाही. अमरावतीकडे बांधकाम खात्यात उभी हयात काढून ते लंडनच्या आमच्या उपनगरात मुलाकडे राहायला आले आणि पहिल्याच दिवशी फुटपाथ बघून हळहळले. "अरे, एक मीटर दहा! त्यात अर्ध्यावर मोटारी चढवलेल्या. माणसांनी काय उडत जायचं?"

मोबाइलला बटणं होती तेव्हाची गोष्ट. मी पुण्याहून व्हिसावर आलेला, शेजारच्या गल्लीत राहणारा, सायकलने स्टेशनला जाणारा. मी दिसलो की काका हात आडवा करत. "धर रे टोक!" मी टेपचं टोक धरायचं, ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे, दोन्हीकडच्या गाड्या थांबायच्या आणि माझी ट्रेन चुकायची. ऑफिसमध्ये उशिराचं कारण काय सांगणार? सिग्नल फेल्युअर म्हणायचो.

या सगळ्या मोजमापामागे काकूंचा गुडघा होता. घरापासून लायब्ररीपर्यंत सरळ रस्ता, पण काकूंना निम्म्यावरच कळ यायची. मुलगा म्हणायचा, "आई, वीकेंडला मी ड्रॉप करतो ना!" काकूंना ड्रॉप व्हायचं नव्हतं. "मला माझ्या पायांनी जायचंय, रोज," एवढंच त्या म्हणत. निम्म्या वाटेवर एक बेंच असता तर काम झालं असतं. नाहीतर घर आणि खिडकी.

आणि कौन्सिलने तोच रस्ता सुधारायला घेतला! रुंद फुटपाथ, सायकलींसाठी वेगळी पट्टी, झेब्रा क्रॉसिंग आणि काकांनी तीन पत्रं पाठवून मागितलेला बेंच. चर्चच्या हॉलमध्ये नकाशे मांडले होते. आवडलं तिथे हिरवा ठिपका चिकटवायचा, नको तिथे लाल, अशी पाटी होती. काकांनी महाराष्ट्र मंडळातली पंधरा माणसं गोळा करून आणली आणि स्वतः मात्र तिथल्या जेन नावाच्या अधिकारी बाईंशी पावसाचं पाणी कुठे जाणार यावर वाद घालत बसले.

रांगेत सर्वांत पुढे काकू. त्यांनी बेंच शोधला, कौतुकाने पाहिला आणि लाल ठिपका कुंकवासारखा त्याच्या मधोमध लावला. मागच्या बायकांनी तेच केलं. त्यांच्या नवऱ्यांनीही. आणि मी, दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहिणारा माणूस, पाटी न वाचता सोळावा लाल ठिपका लावून समोशांकडे वळलो.

महिन्याभरात सुधारित नकाशा पोस्टाने आला. सगळं होतं, फक्त बेंच नव्हता. रहिवाशांचा तीव्र विरोध, असं कारण दिलेलं.

काका पेटले. "माझ्या बेंचला विरोध करणारा हा कोण, ते मी शोधून काढतो!" संशय समोरच्या जॉर्जवर, कारण त्याची मोटार मोठी होती. दोन आठवडे काकांनी त्या गरीब माणसाचं गुड मॉर्निंग घेतलं नाही. शेवटी एका रविवारी पोहे खाताना काकू सहज म्हणाल्या, "पण आपण तर सगळ्यांनी लाल टिकली लावली होती हो!"

मी हळूच पाटीचा अर्थ सांगितला. "अगं बाई, लाल म्हणजे नको?" म्हणत काकूंनी कपाळाला हात लावला. काका उठले, चिवड्याचा डबा घेतला आणि आधी जॉर्जची माफी मागायला गेले.

पत्र मी टाइप केलं. सविनय निवेदनापासून कुंकवाच्या माहात्म्यापर्यंत चार पानं, खाली सोळा सह्या आणि सतरावी जॉर्जची. जेनबाई स्वतः आल्या, काकूंबरोबर चालल्या. निम्म्यावर काकू एका बागेच्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या, घामाघूम. जेनबाईंनी तिथेच फुटपाथवर खडूने फुली मारली.

बेंच आला त्या दिवशी काकांनी त्याची उंची मोजली. "अर्धा इंच कमी आहे. चालेल," असा शेरा दिला. काकूंनी खरं कुंकू लावलं. दहा मिनिटं बसल्या आणि लायब्ररीपर्यंत गेल्या. त्यानंतर रोज. काका शेजारी बसून जाणाऱ्या सायकली मोजत.

आम्ही सगळे काकूंच्या गुडघ्याची काळजी करत राहिलो आणि गेले मात्र काका, एका हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापाने. मला फार लागलं ते. कितीतरी दिवस मी त्या रस्त्याने सायकल नेली नाही.

मार्चमध्ये गेलो तर बेंचवर काकू एकट्याच. त्यांनी हात आडवा केला. मी थांबलो.

"आता इथून लायब्ररीपर्यंतही एका दमात जमत नाही रे," त्या म्हणाल्या. "मध्ये अजून एक लागणार." पर्समधून त्यांनी पोलादी टेप काढली. "धर टोक. आणि या वेळी ठिपके हिरवे."