काटा पाहजो दादा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणून नाही सांगितलं, असं म्हणालो असतो, पण तेही खोटंच. राहते तिच्या पोटात. माझ्याच तोंडातून ती निघत नव्हती—तीन वर्षं.

दर रविवारी आम्ही दोघं भाऊ विहारात शेजारी बसतो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही असं म्हणायचं येतं ना, तिथे माझा आवाज बारीक होतो. दादाचा होत नाही. तो खणखणीत म्हणतो. त्याला काय भीती?

तुम्ही म्हणाल, एवढं काय केलंस बाबा, खून केलास का? नाही. मी गाडीचा वॉल बसवला.

आमच्याकडे थर्मोस्टॅटला वॉल म्हणतात. वाटीएवढी चकती असते, तिला स्प्रिंग. इंजिन थंड असलं की ती पाणी अडवते, तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. आणि आमच्याकडचा कुठलाही मिस्त्री पहिलं काम काय करतो? वॉल काढून फेकतो. ‘इथल्या गरमीत कायले पायजे वॉल?’ दादाही त्याच मताचा. आमच्या घरची ही जुनी गाडीही कित्येक वर्षं वॉलशिवायच चालली.

दादानं उभी हयात चिखल्याच्या खाणीवर टिप्पर चालवला. मँगनीजचा लाल रस्ता, उतार, वळणं, कधी एक ओरखडा नाही. मी तिथेच स्टोअरमध्ये. पार्टचे नंबर मला तोंडपाठ, पण पाना कधी फारसा हातात धरलेला नाही. आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून मी उंटावरचा शहाणा झालेलो. हिवाळ्यात गाडी तापायला वेळ लागायची, पेट्रोल जास्त प्यायची. मी म्हटलं, वॉल पाहिजेच. मीच बसवतो, घरी, अंगणात.

दोन बोल्ट खोलले, पाणी घमेल्यात काढलं, ब्लेडनं जुनी पॅकिंग खरवडली. व्हिडिओत सांगितलं होतं, आधी वॉल उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते पाहा. कोण पाहतो! दादा ओट्यावर चहा पीत होता. म्हणाला, ‘बरोबर बसला ना? एकदा मिस्त्रीले दाखवून घेजो.’

‘तू टिप्पर चालवला दादा, खोलला नाही,’ असं बोललो मी त्याला. मोठ्या भावाला. तो हसला फक्त.

चार दिवसांनी, तोवर गाडी अंगणातच उभी, दादाच्या मुलाचं, अमोलचं साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता, लाखनीला. गाडी दादा चालवत होता, तिच्यात अमोल, वहिनी आणि फळांच्या टोपल्या. मागून भाड्याच्या जीपमध्ये मी आणि बाकी सगळे. तुमसर यायच्या आधीच दादाची गाडी बाजूला उभी दिसली. बोनेट वर, वाफेचा लोट, आणि नवरदेव कोट घालून शेताच्या धुऱ्यावर उभा. दादा म्हणाला, ‘गरमीचा काटा चढला तसा मी बाजूले घेतली.’ त्यानं हे दोनदा सांगितलं.

मी वाकलो. इंजिन भट्टीसारखं तापलेलं. रेडिएटरला जाणाऱ्या पाइपाला हात लावला—थंडगार. कळतंय का तुम्हाला? पाणी पलीकडे जातच नव्हतं. वॉल उघडलाच नव्हता. स्प्रिंग इंजिनकडे पाहिजे, मी बाहेरच्या बाजूला ठेवली होती. उलटा बसवला होता मी. हात पाइपावर असतानाच मला सगळं समजलं.

तेव्हाच तोंड उघडलं असतं तर? दोन शिव्या खाल्ल्या असत्या, लोक हसले असते, संपलं असतं. पण जीपमधून सगळे उतरलेले, सगळे माझ्याकडे पाहताहेत—आणि चार दिवस मीच मिरवत होतो, वॉल मी बसवला, मी बसवला. मी कमरेवर हात ठेवले आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘काटा पाहाले पायजे होता ना दादा!’

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच.

गाडी तिथेच सोडली, अमोल, दादा, वहिनी सगळ्यांना जीपमध्ये कोंबून लाखनीला पोहोचलो, दोन तास उशिरा. मुलीकडचे लोक जेवायचे थांबलेले. कोणी विचारलं, काय झालं हो? मी तिथेही रंगवून सांगितलं. आमच्या दादाला काटाच दिसला नाही! व्याही हसले, पोरीचे मामा हसले. दादाही हसला. वहिनी मात्र ताटाकडे पाहत राहिली. ती गाडीत होती. तिला माहीत होतं की दादानं काटा चढताच गाडी थांबवली. पण साक्षगंधाच्या मांडवात कोण भांडणार?

पुढच्या आठवड्यात दादा बाजाराला गेला तसा मी वॉल काढून सुलटा बसवला. कुणी पाहिलं नाही. गाडी तेव्हापासून मस्त चालते. म्हणजे सिद्ध झालं ना—गाडीत खोट नव्हती, खोट दादात होती. असंच सगळ्यांनी धरलं.

आणि तो बोल घरात रुळला. कोणीही गाडी काढो, कोणी दुकानाला जावो, मागून हाक—‘काटा पाहजो दादा!’ अमोलची बायको नवी होती, तीही शिकली. गंमत होती हो, त्यात वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. खरं काय ते मलाच ठाऊक होतं, आणि हाक मारणाऱ्यांत पहिला मीच असायचो.

इथपर्यंत सांगताना मला वाटलं होतं की हेच सांगायचं आहे. नाही. खरं पुढेच आहे.

महिन्याभरानं दादा माझ्या क्वार्टरवर आला. बसला. पाणी पण नको म्हणाला. मग खाली पाहून म्हणाला, ‘परमोद, तुले गाडीचं समजते. खरं सांग. मी उशिरा थांबलो का रे? मले तं वाटते मी लगेच थांबलो. पण आता मलेच भरोसा नाही राहिला.’

आयता आला होता माणूस. खोलीत दुसरं कोणी नाही. विचारत होता तोही मलाच—माझ्यावर विश्वास होता त्याचा. आणि मी काय म्हटलं? पाठीवर हात ठेवून म्हटलं, ‘वय होते दादा. होते असं.’

हा माझा गुन्हा. वॉल नाही. ते एक वाक्य, आणि पाठीवरचा तो हात.

त्यानंतर दादानं स्टेअरिंगला हात लावला नाही. डोळे तपासून आला, डॉक्टर म्हणाला नंबर तोच आहे. दादा म्हणाला, डॉक्टरला काय समजते. आता कुठे जायचं तर मागच्या सीटवर बसतो, पिशवी मांडीवर घेऊन. उतारावर त्याचा उजवा पाय नुसताच खाली दाबला जातो, ब्रेक नसलेल्या जागी. मी आरशात पाहतो ते. आणि गाडी मी चालवत राहतो.

परवा वहिनी म्हणाली, यांचं लायसन या महिन्यात संपते, भंडाऱ्याला घेऊन जा. दादा आतून ओरडला, ‘कायले पायजे लायसन? मले काटा दिसत नाही!’ सगळे हसले. वहिनी नाही हसली. मीही नाही हसलो, पहिल्यांदा.

बस झालं. लायसन संपलं की तो पुन्हा काढणार नाही, मी ओळखतो त्याला.

आज रविवार आहे. वंदना संपली की लोक लगेच उठत नाहीत, पाच-दहा मिनिटं बसतात, इकडचं तिकडचं बोलतात. वहिनी असेल, अमोल, त्याची बायको, जीपमधले जवळजवळ सगळे. दादाला बाजूला घेऊन कानात सांगणं सोपं आहे, म्हणूनच तसं करणार नाही. हसले सगळ्यांसमोर, ऐकतीलही सगळ्यांसमोर. माफी मागणार नाही. माफी मागितली की त्याला ती द्यावी लागेल, आणि तो देईल, तसाच आहे तो. त्याच्याकडून अजून काही घ्यायचं नाही मला. त्यानं बोलणं टाकलं तर टाकू दे.

पांढरा शर्ट घातला आहे. बाहेरून दादाची हाक आली, ‘चाल रे परमोद, उशीर होऊन राहिला.’ चौथं शील आज मी मोठ्यानं म्हणणार आहे, आणि मग उभा राहून एवढंच: दादा, वॉल मी उलटा बसवला होता. तुले काटा दिसला होता. तू लगेच थांबला होता.