गव्हाची ओटी

"थांबा," आमच्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

माझ्या ओंजळीत गहू होता. दोन ओंजळी पाहुण्या बाईंच्या पदरात पडल्या होत्या. तिसरी तशीच हवेत राहिली. शाळेच्या पडवीत सतरंजीवर सगळ्या मुली बसल्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे माझ्या हातावर होते. मला वाटलं, कुंकू लावायचं राहिलं की काय. मी पाहुण्या बाईंच्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू जागेवर होतं.

"हे काय भरताय तुम्ही?"

"ओटी," मी म्हणाले.

"गव्हाची?"

आमच्याकडे ओटी गव्हाचीच भरतात. गहू, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, खण. माझ्या बापानं वाटूरहून खास धाडलेला गहू होता तो. बन्सी, टपोरा, बियाण्यासाठी राखलेल्यातला. मुंबईच्या पाहुण्या येणार म्हणून आदल्या दिवशी मी तो दोनदा निवडला होता. एक खडा राहू दिला नव्हता.

मोठ्या बाई पाहुण्यांकडे वळून हसल्या. "माफ करा हं. इकडे हे असंच. मोगलाई आहे ना." इंग्रजांच्या मुलखातली माणसं आमच्या निजामी मुलखाला मोगलाई म्हणत. मग त्यांनी खाली वर्तमानपत्र पसरायला लावलं आणि पाहुण्यांच्या पदरातला गहू त्यावर ओतायला सांगितला. कपाटातून तांदूळ आले, शेंडीचा नारळ आला. दुसऱ्या एका बाईंनी, त्या पुण्याकडच्या, नवी ओटी भरली. मी बाजूला उभी. गव्हाची ओंजळ अजून माझ्या हातात होती, ती कुठं ठेवावी ते कळेना.

"उचला ते," मोठ्या बाई मला म्हणाल्या. "जनावरांना होईल."

वर्तमानपत्राबाहेर बराच गहू सांडला होता. मी गुडघ्यावर बसून वेचायला लागले. पहिल्या रांगेतली एक मुलगी मदतीला उठली, तर तिला "तू बस" म्हणून खाली बसवलं. डोक्यावर मोठ्या बाईंचं बोलणं चाललेलंच होतं. कोकण म्हणजे आपल्या महाराष्ट्राचं देवघर, त्या सांगत होत्या. या गावात समुद्राचा वारासुद्धा येत नाही. इथं संस्कृती उगवत नाही, आणून लावावी लागते.

पाहुण्या बाई मायाळू होत्या. त्या वाकून मला म्हणाल्या, "असू दे हो. शिकाल हळूहळू."

मोठ्या बाईंचा राग मी गिळला असता. हे 'शिकाल' मात्र गिळवेना.

मोठ्या बाईंबद्दल खरं ते सांगायला हवं, नाहीतर माझा राग खोटा ठरेल. बाई भित्र्या नव्हत्या. रत्नागिरीकडचं गाव सोडून त्या आमच्या जुन्या जालन्यात येऊन राहिल्या होत्या. सरकारी शाळेत सगळं उर्दूतून. मुलींना मराठी शिकवायची म्हणून त्यांनी ही खासगी शाळा चालवली. अंमलदार येऊन दम देऊन जात, तरी त्या बधल्या नाहीत. मी स्वतः उर्दूत शिकलेली. मराठी लिहायला मी त्यांच्याकडेच शिकले, आणि दोन वर्षं पहिलीचा वर्ग घेत होते, कच्ची म्हणून. या श्रावणात मला कायम करायचं ठरलं होतं. मला त्या वर्गाचं वेड होतं. पोरींच्या पाटीवर पहिलं अक्षर उमटलं की मला दिवसभर दुसरं काही सुचत नसे. आणि मी मोठ्या बाईंना देवासारखं मानत होते. ही माझी चूक.

त्या वर्गात सांगत, "निजामाची भाषा तुम्हाला तुमच्याच घरात परकं करते." मुली माना डोलवत. मीही डोलवत असे. बिलकुल खरं होतं ते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर माझ्या कायम होण्याचा कागद होता. सही व्हायची होती. त्याच्या शेजारी दुसरा एक कागद, त्यांच्या वळणदार अक्षरात.

"परवा नारळी पौर्णिमा. आपण मुलींना कुंडलिकेवर नेणार आहोत. नदीला नारळ वाहायचा. त्याआधी हे तुम्ही सगळ्या मुलींपुढं वाचायचं."

मी वाचलं. सुरुवातीला माझी चूक. गव्हाने ओटी भरणे हा अडाणीपणा असून तो मी अज्ञानाने केला. मग नारळी पौर्णिमेचा धडा. आपण सर्व मराठी लोक या दिवशी समुद्राची पूजा करतो.

"बाई, आपल्याकडं त्या दिवशी राखी बांधतात," मी म्हणाले. "समुद्राचं काही करत नाहीत."

"म्हणूनच शिकवायचं." त्या रागावल्या नव्हत्या, समजावत होत्या. "उद्या निजाम जाईल. हा मुलूख महाराष्ट्रात जाईल. तेव्हा तिकडची माणसं तुम्हाला विचारतील, तुम्ही आमच्यातले कशावरून? काय दाखवणार? ज्वारीची भाकरी? की तुमचं हे 'बराबर' आणि 'जल्दी'?"

मी दोन्ही कागद बघत उभी राहिले.

"हे वाचलंत की यावर सही," त्या म्हणाल्या आणि पहिल्या कागदावर बोट ठेवलं.

संध्याकाळी घरी मला बसवेना. पीठ मळायला घेतलं, सोडलं. दारात गेले, परत आले. माझे मालक कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. ते घरी आले, पाय धुतले, माझं सगळं ऐकून घेतलं.

"वाचून टाक," ते म्हणाले. "दोन ओळी त्या. वाचल्या अन् विसरल्या. कोण ध्यानात ठेवून राह्यलंय?"

"पोरी ठेवतेन."

"मंग काय नोकरी घालवती का गव्हापायी?"

गव्हापायी. माझं मन कशात अडकलंय ते सांगणारा हा शब्द मी दिवसभर शोधत होते आणि त्यांनी तो सहज टाकला. मी पुन्हा उठले. उंबऱ्यात उभी राहिले. कोपऱ्यात परत आणलेल्या गव्हाचं गाठोडं होतं, कालपासून सोडलंच नव्हतं.

माझं लग्न झालं तेव्हा आईनं माझी ओटी याच गव्हानं भरली होती. तिची तिच्या आईनं. वाटूरच्या काळ्या रानात जे पिकतं ते. नारळ आम्ही बाजारात वाळलेल्या खोबऱ्याच्या रूपात पाहायचो, आणि तांदूळ पाव्हणा आला तरच घरात शिजायचा. कागदावरचं खरं मानलं तर या सगळ्या बायकांच्या ओट्या काय रिकाम्या होत्या? माझी आई अडाणी, तिची आई अडाणी, आणि त्यांनी जीव लावून दिलेला आशीर्वादही अडाणी?

आणि मला उस्तानीबी आठवल्या. सरकारी शाळेतल्या आमच्या मुसलमान मास्तरीणबाई. माझं शिक्षण पुरं झालं तेव्हा आई त्यांच्या पाया पडायला गेली आणि काही न सुचून तिनं त्यांचीही ओटी भरली. गव्हानं. उस्तानीबींना ओटी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी ओढणी पसरली, पाचही ओंजळी घेतल्या, गहू कपाळाला लावला. म्हणाल्या, "अम्मा, ये तो बरकत है." एक दाणा त्यांनी खाली पडू दिला नाही.

त्या संध्याकाळी मला रडू आलं, आणि रडता रडता राग आला. उस्तानीबींना जे न सांगता कळलं ते मोठ्या बाईंना का कळू नये? निजामानं माझ्या जिभेला कमी लेखलं म्हणून ज्या लढायला उभ्या राहिल्या, त्याच माझ्या ओंजळीला कमी लेखत होत्या. फरक एवढाच की निजाम परका होता आणि या आपल्या म्हणवत होत्या. म्हणून हे जास्त लागलं.

मालकांना म्हणाले, "म्या वाचणार न्हाई."

जेवताना ते म्हणाले, "मंग सारखी उठबस कशापायी करून राह्यली? ठरलं ना? जेव."

पौर्णिमेला सकाळी मुली पडवीत बसल्या. नारळांची टोपली तयार. मोठ्या बाई खुर्चीवर, शेजारी शाळेच्या कमिटीचे चिटणीस. मी कागद घेऊन उभी राहिले. कागदाची घडी मी उघडली नाही.

"पोरींनो, त्या दिवशी पाहुण्या बाईंची ओटी म्या गव्हानं भरली. ती बराबर भरली."

चिटणीसांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"कोकणात तांदळाची भरत्यात. तिथं तांदूळ पिकतो. तेबी बराबर. तिथली माणसं आज दर्याला नारळ देत्यात, कारण दर्या त्यांना खायला घालतो. आपल्याला रान खायला घालतं. आपला सण पोळा."

"बाई," मोठ्या बाई म्हणाल्या. "लिहून दिलंय ते वाचा."

"न्हाई वाचणार."

"शुद्ध बोला."

"बोलते." आणि मी त्यांच्याकडूनच शिकलेल्या मराठीत, एकेक शब्द सुटा करून बोलले. "मी समुद्र पाहिलेला नाही. या मुलींनी पाहिलेला नाही. तुमचा सण तुमचा म्हणून मी आनंदाने शिकवीन. आमचा म्हणून शिकवणार नाही. आणि आम्ही मराठी आहोत हे सिद्ध करायला आम्हाला नारळ लागत नाही."

चिटणीसांनी घसा खाकरला. मोठ्या बाई उठल्या. मला वाटलं ओरडतील. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि हळूच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तुमच्यात काहीतरी आहे." मग मुलींना रांगा करायला सांगितलं. रांगा निघाल्या. कुंडलिकेला गुडघाभर गढूळ पाणी होतं, तिथं नारळ वाहिले गेले. मी गेले नाही. पडवीत एकटी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात शिपायानं अडवलं. चिटणीस बाहेर आले. भला माणूस, नजर चुकवत होता. म्हणाला, आजपासून येऊ नका. मी कारण विचारलं. तुम्हाला माहीत आहे, म्हणाला.

"लिहून द्या," मी म्हणाले.

"काय लिहून द्यायचं?"

"हेच. बाईनं गव्हाची ओटी भरली, ती चूक मानली न्हाई, म्हणून काढली. खाली कमिटीची सही."

"असं कुणी लिहितं का, बाई?"

"मंग काढता कशाला?"

तो आत गेला. मी पायरीवर बसले. मुली येत होत्या, माझ्या शेजारून चपला काढून आत जात होत्या. काहींनी मान खाली घातली. दोघी-तिघी थांबल्या आणि आतून आवाज आला तशा पळाल्या. कुणी मला घरी न्यायला आलं नाही, की कुणाच्या आईबापानं शाळेत येऊन एक शब्द विचारला नाही. सकाळी घरून निघतानाच मालकांचं तोंड पडलेलं होतं. हे सगळं मला दिसत होतं आणि मी उठले नाही.

शाळा सुटली तेव्हा मोठ्या बाई बाहेर आल्या. पायरीवर मला बघून थबकल्या. मी उभी राहिले, कारण त्या माझ्या गुरू होत्या आणि ते मी नाकारलेलं नाही. मी त्यांना सांगितलं, मी उद्या येईन. परवा येईन. रोज घंटेला येऊन इथं बसेन, जोवर मला ते कारण तुमच्या त्या वळणदार अक्षरात लिहून मिळत नाही तोवर. आणि मिळालं की याच पायरीवर उभी राहून तो कागद मुलींना वाचून दाखवीन. मोठ्यानं. आमच्या मराठीत.