नवऱ्याचा एस

इंग्रजी भाषेने माणसाला समता शिकवली, असे माझे ठाम मत होते. आपल्याकडे साहेब 'येतात' आणि शिपाई 'येतो'. इंग्रजीत दोघेही एकाच क्रियापदावर बसून येतात. निवृत्तीनंतर उत्रोलीच्या समाजमंदिरात मी बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला, तेव्हा पहिल्याच दिवशी हे भाषण ठोकले. बायकांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग एकीने विचारले, "सर, वर्ग पाचला सुटंल न्हवं? धारा काढायच्यात."

वर्गातली सगळ्यात हुशार बाई भोरच्या एका बालवाडीत मदतनीस व्हायला निघाली होती. शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून मुलाखतीत स्वतःची ओळख इंग्रजीत करून द्यायची होती. तिने पाठ करून आणले, "माय हजबंड्स आर फार्मर."

"एकापेक्षा जास्त असले तरच शेवटी एस लावायचा," मी म्हणालो. "तुम्हाला नवरे किती?"

वर्ग खिदळला. ती मात्र गंभीर होती. "एकच हायेत, सर. पण त्यांना एकेरी कसं बोलू?"

मी समतेचे भाषण थोडक्यात पुन्हा केले. तिने मुकाट्याने एस काढला आणि घरी भाकऱ्या थापताना नवे वाक्य मोठ्याने घोकू लागली. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हते. पण मालकांना मान म्हणून एस लावलाय, हे सुनेने आधी मोठ्या कौतुकाने सांगून ठेवले होते. त्यामुळे ओसरीवर तांदूळ निवडताना त्या इंग्रजीतला तेवढा एक एस कान देऊन ऐकत असत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रस्त्यातच गाठले.

"मास्तर, माज्या पोराचा यस तुमी काढला म्हणं."

"मावशी, इंग्रजीत एकच माणूस असला की..."

"सायबाच्या बायकूला चालत आसंल. चार लोकांत नवऱ्याला अरेतुरे करायला शिकवणार आसाल, तर म्या तिला न्हाई धाडायची. वर्गाला बी न्हाई आन् भोरला बी न्हाई."

"पण तुम्ही तर त्याला एकेरीच बोलता. काल 'कुठं उलथलाय' म्हणत होतात."

"म्या म्हणंन. म्या त्याची आई हाय."

समता तिथेच, रस्त्याच्या कडेला संपली. सुनेची नोकरी वाचवणे तेवढे उरले.

पुढच्या वर्गात मी मालकीचा एस घेतला. एखादी वस्तू कुणाची आहे हे सांगायचे, तर त्या माणसापुढे वरच्या बाजूला एक स्वल्पविराम टांगायचा आणि एस लावायचा. कानाला दोन्ही एस सारखेच. टांगलेला स्वल्पविराम ऐकू येत नाही. त्या हुशार बाईने विचारले,

"म्हंजे ह्यांच्या नावावर कायतरी करायचं, की यस आपोआप येतोय?"

"येतो."

त्या संध्याकाळी भाकऱ्यांबरोबर नवी ओळख थापली गेली. "माय हजबंड्स फील्ड इज इन उत्रोली. माय हजबंड्स मोटारसायकल इज रेड. माय हजबंड्स बफेलो इज व्हेरी गुड." सासूबाईंनी एकेका वाक्याचा अर्थ विचारून घेतला आणि निकाल दिला, "आता कसं! मान बी हाय आन् इस्टेट बी हाय."

मुलाखतीला नवऱ्यानेच तिला मोटारसायकलवरून भोरला सोडले. शाळेच्या बाईंनी त्याची सगळी मालमत्ता लक्ष देऊन ऐकली, मग मराठीत विचारले की वीस पोरं एकदम रडायला लागली तर काय कराल. तिने मराठीत सांगितले. ती सोमवारी रुजू झाली.

नंतर सासूबाईंकडूनच कळले की शेत त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. म्हैस त्यांनी माहेरून आणलेल्या म्हशीची रेडी. मोटारसायकल सुनेच्या वडिलांनी घेऊन दिली होती.