जुन्या नवऱ्याचा नवा भाव

रंगू जाणूच्या घरी राहायला आली तेव्हा नवरा अडीचशे रुपयांना पडत होता. तेव्हाच घेतला नाही, ही तिची चूक.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या वारली पाड्यात यात लाजण्यासारखं काही नव्हतं. संसार आधी, लग्न ऐपत आली की. लग्नाला भट लागत नाही. धवलेरी लागते, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. शिवाय बोकड, लुगडं, ताडी आणि पाड्याचं जेवण. सत्त्याहत्तर साली सगळ्याचे मिळून अडीचशे. दोघं वीटभट्टीवर गेली, दोन हंगाम माती तुडवली आणि अडीचशे घेऊन परतली. तोवर लग्न चारशेला गेलं होतं.

चारशे जमवले, तर सातशे. जाणू नोटा पत्र्याच्या डब्यात जपून ठेवी. नोटा तेवढ्याच राहत, त्यांत येणारा बोकड मात्र दरसाल रोडावे. आधी अख्खा, मग अर्धा, शेवटी नुसती तंगडी. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना एवढंच सांगायला फळा आणि तासभर लागतो.

दोघांनी नाद सोडला. उशिरा का होईना, अमित झाला. बिनलग्नाचं म्हणून कुणी हिणवलं नाही. फक्त लग्नघरी हळद लावायला लग्न लागलेल्या बायका पुढे सरसावल्या की रंगूनं मागे राहायचं, भाताची पातेली उतरवायची. ते तिला सलत असे.

यंदा अमितचं ठरलं. तो आसनगावला गोदामात कामाला. मंगळी धवलेरी तारीख काढायला आली आणि पाड्याची रीत सांगून मोकळी झाली: आईबापांचं लागल्याशिवाय पोराचं लागत नाय.

अमितनं दीड लाखाचा हिशेब मांडला होता. त्यात डीजेचे पंचवीस हजार होते, आईबाप नव्हते.

“यांचं किती होईल?” त्यानं विचारलं.

“येगळा मांडव घातला तर चाळीस हजार धर,” मंगळी म्हणाली.

“चाळीस?” रंगूनं जाणूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “नवाकोरा होता तवा अडीचशेला मिळत होता. आता दात नायत, डावा कान बंद, न चाळीस हजार?”

“तू तरी कुठं नवी राहलीस गो?” जाणू म्हणाला. कान एवढाही बंद नव्हता.

मंगळीनं तोड काढली. मांडव एक, जेवण एक. फक्त बोकड आणखी एक, दोन लुगडी, आणि तिचे पैसे दुप्पट. पंचवीस हजारांत बसवते.

“गाणं तर तेच म्हणशील ना?” रंगूनं विचारलं.

“नवऱ्या दोन, घसा एकच. तो दोनदा दुखंल.”

पंचवीस हजार कुठून आणायचे, हे सगळ्यांना एकदमच सुचलं. अमितचा चेहरा पडला. “आये, डीजे नाय तर पोरं काय म्हणतील?”

जाणू पोराच्या मदतीला धावला. “रंगे, मंगळीला शंभर दे, ती पाड्याला सांगंल यांचं मागंच लागलं म्हणून. आपलं भात झाल्यावर बघू.”

“जलमभर भात झाल्यावरच बघतोयस. भात होईस्तोवर तू पन्नास हजारांचा होशील,” रंगू म्हणाली. “अमित, त्या डीजेवाल्याला फोन लाव. माझ्यासमोर.”

त्यानं लावला. आगाऊ दिलेले दोन हजार बुडाले.

ठरल्या दिवशी सकाळी थोरल्या जोडीचं लागलं. दुपारी अमितला पाटावर बसवलं आणि रंगू सगळ्या बायकांना कोपरानं ढकलत पुढे गेली. तिनं त्याला कानामागे, मानेला, पोटऱ्यांना अशी हळद थापली, की मागच्या बायकांच्या वाटीत खरवडण्यापुरतीच उरली.