अद्रकाची बादली

रिपोर्टाची तिसरी ओळ लिहीत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून कमल ओरडली, "अहो, स्टो भडकला!"

रिपोर्ट शेजारच्या मथुकाकूंविरुद्ध होता. तो पुरा झाला असता तर काकूंना ऑफिसात बोलावून समज दिली गेली असती. वकिलाच्या घरच्या बाईला! आज लिहितानाही मला माझीच लाज वाटते. पण रिपोर्ट कशाचा होता ते आधी सांगायला हवं.

लढाईचे दिवस होते. मी अकोल्याला ओव्हरसियर होतो. इंजिनिअरने आखायचं, मजुरांनी खणायचं आणि मधे ज्याने उन्हात उभं राहायचं, तो ओव्हरसियर. त्यात वरून हुकूम आला की विमानातून बॉम्ब पडले तर आग विझवायची तयारी घरोघर असावी. जठारपेठेतली साठ घरं माझ्याकडे आली. प्रत्येक घरी लाल रंगाची एक बादली वाळूची, एक पाण्याची. आठवड्याला चेकिंग.

वाळू कशाला, हे मी दारोदार समजावत होतो. पेटतं तेल पाण्याने विझत नाही. तेल पाण्यावर तरंगतं आणि आग सोबत घेऊन पळतं. वाळूने तिचा श्वास कोंडतो. लोक ऐकून घ्यायचे आणि हसायचे.

"ओव्हरसियर, अकोल्यावर कोण बॉम्ब टाकते जी? जपानले सरकी पाह्यजे का?"

मी मात्र हसत नव्हतो. तिशीच्या आतलं वय, हातात सरकारी वही. माणसाला चढायला एवढं पुरतं.

मथुकाकूंचं आणि आमचं घर एका भिंतीचं. आम्ही अमरावतीहून बदलून आलो तेव्हा पहिले आठ दिवस त्यांच्याकडेच जेवलो. कमलला त्यांनी पोटच्या पोरीसारखं वागवलं. माझी माय पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा रोज सकाळी तिची वेणी घालायला यायच्या. काय दिवस होते ते! भिंतीवर दोनदा थाप मारली की पलीकडून चहा यायचा, अद्रक ठेचून घातलेला.

ते अद्रक कुठून येतं हे मला पहिल्या चेकिंगला कळलं. काकूंच्या लाल बादलीत हात घातला तर ओलसर वाळूतून अद्रकाचा गड्डा निघाला. मागोमाग दोन लिंबं.

"काकू, ही सरकारी वाळू आहे."

"मंग? सरकारले अद्रक चालत नाई का?"

"आग लागली तर?"

"त काढून घेईन अद्रक."

"तेवढा वेळ मिळतो का?"

"तुले चहा पाह्यजे असते तवा बरं लवकर निंघते ते! आन आयक, तुह्या वाळूत अर्धी काळी माती होती. मातीत अद्रक सडते. तीनदा चाळली मी."

शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. मला फक्त अद्रक दिसत होतं. बादली ओसरीत टांगायची असा नियम. काकूंची स्वयंपाकघरात, चुलीपासून दोन हातांवर. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्या आठवड्यातही तेच. काकू आपल्या तिच्यावर रोज पाणी शिंपडत होत्या.

माझी बादली बघण्यासारखी होती. रंग ताजा, काठोकाठ भरलेली, ओसरीत उंच खुंटीवर. कोणी हात लावू नये म्हणून उंच. कोणी लावलाही नाही, मी धरून. तसाच एक अख्खा पावसाळा गेला.

मग अमरावतीहून मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार असं कळलं. आमच्या साहेबांनी बजावलं, "ज्याची बादली बरोबर नसेल त्याचं नाव सोमवारी द्या. ओळखदेख पाहू नका."

म्हणून शनिवारी सकाळी मी ओसरीत बसून काकूंचं नाव लिहीत होतो.

कमलची हाक ऐकून आत धावलो. स्टो कलंडला होता आणि घासलेट फरशीवर पसरून पेटलं होतं. आमचं घर आगगाडीच्या डब्यासारखं: ओसरी, मग स्वयंपाकघर, मग शेवटची खोली. त्या खोलीत माय खाटेवर होती. तिला उठता येत नव्हतं. खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला गज.

मी पोचेपर्यंत कमलने घागरभर पाणी ओतलं होतं. बिचारीने तेच केलं जे कोणीही करेल. आग पाण्यावर स्वार होऊन थेट मायच्या उंबऱ्याशी गेली. साठ घरांत मी तेल-पाणी समजावलं होतं. ज्या घरात जेवत होतो तिथे एकदाही नाही. ओव्हरसियरच्या बायकोला माहीत असणारच, असं मी धरून चाललो होतो.

ओसरीत पळालो, स्टूल घेऊन बादली काढली आणि आत आणून आगीवर उपडी केली. काही पडलं नाही. हलवली, ठोकली, लाथ मारली. काही नाही. मोर्णा नदीची ती मातकट वाळू पावसाळ्यात भिजली आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळली. बादलीच्या आकाराची वीट झाली होती तिची.

"बाबू, धूर येऊन राह्यला रे," मायचा आवाज आला.

आयुष्यात इतका मी कधी भ्यालो नाही, ना आधी ना नंतर.

तेवढ्यात कोणीतरी मला बाजूला ढकललं. मथुकाकू! पदर खोचलेला, बादली कमरेवर. आधी उंबऱ्यावर दोन ओंजळी फेकल्या, मग उरलेली वाळू स्टोभोवती ओतली. वाळूबरोबर अद्रकाचे गड्डे घरंगळले. कोपऱ्यातली उरलीसुरली आग मी ओल्या पोत्याने दाबली. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील.

माय खोकत होती, पण धड होती. "दूध गेलं का उतू?" तिने विचारलं. कमल तिच्या गळ्यात पडून रडली. मलाही रडू आलं, ते मी धुरावर ढकललं.

"काकू, तुम्हाला बरं सुचलं," मी म्हणालो.

"तूच त सांगतलं होतं, तेलावर पाणी नाई. मी आयकलं," काकू म्हणाल्या. मग त्यांनी माझी बादली उचलून उपडी धरली, तिच्यातल्या विटेवर बोटाने टकटक केली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आजवर नुसतं आयकून होते बाप्पा. पाषाण आज पाह्यला."

सोमवारी साहेबांनी विचारलं, "जठारपेठेतून कोणाचं नाव?"

"एकच आहे, साहेब. माझं."

सगळं सांगितलं. साहेबांनी पेन उचललं.

"म्हणजे आग अद्रकाच्या बादलीने विझली. हे अमरावतीला असंच कळवू?"

"कळवा, साहेब."

त्यांनी 'वाळूने' एवढंच लिहिलं, आणि मला सगळ्या बादल्या उपड्या करून पाहायला पाठवलं. निम्म्याहून जास्त विटा निघाल्या. मग घरोघर चाळण्या चालू केल्या आणि बादल्या ओसरीतून स्वयंपाकघरात नेल्या. तिथे अद्रक ठेवायचं, हे मी स्वतः सांगत फिरलो. लोक पुन्हा हसले. या वेळी मीही हसलो.

अकोल्यावर बॉम्ब काही पडला नाही. स्टो मात्र पुढेही भडकत राहिले. संकट आलं तरच हात लावायचा, अशी ठेवलेली वस्तू संकटात हाताला लागत नाही. रोजच्या कामात असलेली लागते. नोकरीत एवढं एक शिकलो, तेही शेजारणीकडून.

आग लागली त्याच शनिवारी संध्याकाळी भिंतीवर दोनदा थाप पडली. मी दारात गेलो तर काकू वाटी घेऊन उभ्या.

"वाळू राहू दे. माहं अद्रक दे. चहा करायचा हाय तुमाले."

काकू गेल्या, माय गेली. आता मी अमरावतीत असतो. स्वयंपाकघरात दाराशी माझी लाल बादली आहे. सून म्हणते, "बाबा, अद्रक फ्रिजमध्ये छान राहतं."

मी म्हणतो, "अद्रक राहतं. वाळू मोकळी राहत नाही."